मरणाची अट, उठण्याची मुभा : 'रोग' ते 'रिटर्नल'

व्हिडिओ गेमबद्दल मराठीत लिहिले जाते ते बहुधा दोन निमित्तांनी. एक, मुलांच्या डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी; दुसरे, त्या धंद्यातील उलाढालीचे आकडे. एखादा खेळ ही एक कृती आहे, तिच्यामागे परंपरा आहे, त्या परंपरेशी तिचा काही झगडा आहे आणि म्हणून पुस्तकाची किंवा चित्रपटाची होते तशी तिचीही चिकित्सा होऊ शकते, ही भूमिका क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात आम्ही ती घेऊन पाहणार आहोत.

निमित्त आहे 'रिटर्नल' या खेळाचे. हेलसिंकी येथील हाउसमार्क या फिनिश संस्थेने तो बनवला आणि ३० एप्रिल २०२१ रोजी तो प्लेस्टेशन ५ या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. २०२२ साली ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट खेळाच्या मानासह एकूण चार पुरस्कार त्याला मिळाले. खेळ कठीण आहे. मेलात की पहिल्यापासून सुरुवात, आणि आपण वारंवार मरतो. सोपी पातळी निवडण्याची सोय त्यात नाही. असा खेळ मुळात खेळावा का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. आमचे उत्तर 'खेळावा' असेच आहे. मात्र ते सिद्ध करायचे तर इतिहासात शिरावे लागते. 'रिटर्नल'चा कठीणपणा त्याने स्वतः शोधलेला नाही. तो त्याला दोन निरनिराळ्या घराण्यांकडून वारशात मिळाला आहे. वारशातली वस्तू गरज म्हणून जपली आहे की निव्वळ सवय म्हणून, हे तिचा उगम पाहिल्याखेरीज ठरवता येत नाही.

पहिले घराणे : विद्यापीठातील भुयार

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. (मराठी कानाला हे नाव व्याधीचे वाटेल, मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ लबाड, उनाड माणूस असा आहे.) पुढे टॉय बर्कलीला गेले आणि तेथे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. अर्नोल्ड यांनी 'कर्सिस' नावाचा आज्ञासंच तयार केला होता. टर्मिनलच्या पडद्यावर हव्या त्या जागी हवे ते अक्षर उमटवणे त्यामुळे सोपे झाले होते. चित्र काढू न शकणाऱ्या पडद्यावर अक्षरांनीच नकाशा रेखायचा, ही या खेळाची युक्ती. खोल्यांच्या भिंती रेघांच्या, जमीन टिंबांची, राक्षस म्हणजे रोमन लिपीतील सव्वीस मोठी अक्षरे आणि खेळाडू म्हणजे ई-मेलच्या पत्त्यात येते ते 'ॲट'चे चिन्ह. भुयारात खोल उतरायचे, येंडॉरचा ताईत मिळवायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचे, एवढेच कथानक.

या खेटाखेटीमागची प्रेरणा विचमन यांनी नंतर सांगितली आहे. त्या काळी 'ॲडव्हेंचर'सारखे शब्दांतून खेळायचे खेळ लोकप्रिय होते. परंतु अशा खेळातील कोडी एकदा सुटली की खेळात काही उरत नसे, आणि ज्याने ती कोडी रचली त्याला तर स्वतःचा खेळ एकदाही खऱ्या अर्थाने खेळता येत नसे. टॉय आणि विचमन यांना लेखकालाही चकित करील असा खेळ हवा होता. म्हणून त्यांनी भुयार स्वतः रचलेच नाही. भुयार कसे रचावे याचे नियम तेवढे लिहिले आणि रचण्याचे काम संगणकावर सोपवले. प्रत्येक डावाला नवे भुयार.

या एका निर्णयातून पुढचे सारे ओघाने येते. जागा दर वेळी नवी असेल तर पाठांतर कुचकामी ठरते. 'रोग'मध्ये औषधांच्या रंगांचे अर्थही दर डावात बदलतात. मागच्या वेळी निळ्या औषधाने जखमा भरल्या म्हणून या वेळीही भरतीलच असे नाही. खेळाडूपाशी उरते ते केवळ तारतम्य : केव्हा लढावे, केव्हा पळावे, अनोळखी औषध धोका नसताना चाखून पाहावे की अगदी नाइलाज होईपर्यंत राखून ठेवावे. हे तारतम्य शिकायचे तर चुकीची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत म्हणजे मृत्यू.

येथे एक बारकावा आहे. पुढे त्याचे काम पडणार असल्याने तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. डाव अर्धवट जतन करून घरी जाण्याची सोय 'रोग'मध्ये होती. तिचा गैरफायदा असा होऊ लागला की लोक जतन केलेल्या फाइलची प्रत काढून ठेवत आणि मेल्यावर ती प्रत उघडत. तेव्हा लेखकांनी यावर तोड काढली, आणि जतन केलेला डाव पुन्हा उघडताच त्याची फाइल पुसली जाईल असे केले. खेळाडूला उठून जाण्याची मुभा राहिली, मरण परतवण्याची राहिली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या विद्यार्थ्यांना इतक्या लवकर उमगले होते.

१९८३ साली बर्कलीच्या बीएसडी ४.२ या युनिक्स प्रणालीसोबत 'रोग' जगभरच्या संगणक विभागांत पोहोचला. त्याच्या प्रेरणेने 'हॅक' (१९८२), 'मोरिया' (१९८३) आणि 'नेटहॅक' (१९८७) असे खेळ निघाले, आणि या साऱ्या गोतावळ्याला 'रोगलाइक', म्हणजे 'रोग'सारखे, असे नाव पडले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी तर १९८१ मध्ये 'रोग-ओ-मॅटिक' नावाची आज्ञावलीच लिहिली. ती आपण होऊन 'रोग' खेळे आणि अनुभवी माणसांच्या तोडीने खेळे. ही घटना आम्हांला महत्त्वाची वाटते. यंत्राला जर नियमांवरून हा खेळ खेळता येत असेल तर त्यातले यश केवळ नशिबाचे नव्हते, हे उघड आहे.

दुसरे घराणे : नाण्याची पेटी

याच सुमारास अमेरिकेतील आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, कठीणपणाचे एक अगदी निराळे अर्थशास्त्र घडत होते. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' तयार केला. पडद्यावरील शत्रू कमी होत जात तसे उरलेले अधिक वेगाने सरकत. याचे कारण यंत्राची मर्यादा हे होते : चित्रे कमी झाली की ती काढण्याचे काम हलके होई. निशिकादो यांनी हा योगायोग दुरुस्त केला नाही, कारण त्यामुळे खेळ रंगत होता.

१९८२ साली यूजीन जार्व्हिस आणि लॅरी डीमार यांचा 'रोबोट्रॉन : २०८४' विल्यम्स कंपनीच्या यंत्रातून आला. त्याला गोळी झाडण्यासाठी बटण नव्हते. दोन दांडे होते. डाव्या दांड्याने चालायचे, उजव्याने नेम धरायचा. पळायचे एका दिशेला आणि झाडायचे दुसऱ्या दिशेला, हे त्यामुळे शक्य झाले. तोपर्यंत अनेक खेळांत तोंड जिकडे तिकडेच गोळी जात असे, त्यामुळे शत्रूवर नेम धरायचा म्हणजे त्याच्याच दिशेने चालणे आले. दोन दांड्यांनी पलायन आणि आक्रमण यांची फारकत केली. चहूबाजूंनी यंत्रमानव चालून येत आहेत, मधूनमधून वाचवायची माणसे भटकत आहेत, आणि खेळाडूची नजर एकाच वेळी आपल्या पायाखाली व चारही कोपऱ्यांत आहे, अशी ती विलक्षण स्थिती होती.

या खेळाला शेवटचा विजय नव्हता. एक लाट संपली की दुसरी, अधिक दाट. खेळाडू मरणार हे ठरलेलेच. प्रश्न किती वेळाने, एवढाच. यामागचे कारण व्यापारी होते. एका नाण्यात कोणी तासभर खेळत राहिला तर दालनाच्या मालकाचा धंदा बसे. मृत्यू हे येथे उत्पन्नाचे साधन होते. तरीही दुसरे नाणे टाकायला खेळाडू तयार व्हायचा तर आपण आपल्याच चुकीने मेलो आणि ती चूक पुढच्या खेपेस टळेल, असे त्याला वाटणे आवश्यक होते. फसवणुकीला माणूस पुन्हा पैसे देत नाही. म्हणजे धंद्याच्या पोटीच एक प्रकारची न्यायबुद्धी जन्माला आली.

सारांश, एका घराण्यात मृत्यू होता तो निर्णयाला वजन यावे म्हणून; दुसऱ्यात तो होता पेटीत नाणे पडावे म्हणून. एकात जग खेळाडूसाठी थांबे : तुम्ही कळ दाबल्याशिवाय राक्षसही पाऊल उचलत नसे. दुसऱ्यात जग क्षणभरही थांबत नसे. एक विचाराचे घराणे, दुसरे प्रतिक्षिप्त क्रियेचे.

सोयरीक

२००८ साली बर्लिन येथे रोगलाइक खेळ बनवणाऱ्यांची परिषद भरली आणि रोगलाइक कशास म्हणावे याची लक्षणे तेथे नोंदवण्यात आली. दर डावात नवे भुयार आणि कायमचा मृत्यू यांच्या बरोबरीने, खेळ पाळीपाळीने चालावा आणि चौकटींच्या पटावर चालावा, हीही प्रमुख लक्षणे त्यात होती. या कसोटीवर कोणताही गोळीबारी खेळ टिकणे कठीण. गंमत अशी की त्याच वर्षाच्या अखेरीस डेरेक यू यांचा 'स्पेलंकी' हा खेळ आला. त्याने भुयार आणि मृत्यू ही दोन लक्षणे उचलली, पाळी आणि पट ही दोन सोडून दिली, आणि उड्या मारत धावण्याच्या खेळावर त्यांचे कलम केले. व्याख्या कागदावर येते न येते तोच वस्तू तिच्याबाहेर निसटली होती. साहित्यप्रकारांच्या इतिहासात याची उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत.

२०११ मध्ये एडमंड मॅकमिलन आणि फ्लोरियन हिम्सल यांच्या 'द बाइंडिंग ऑफ आयझॅक'ने हे कलम गोळीबाराकडे नेले. आईच्या भीतीने तळघरात पळालेले एक रडणारे मूल त्यात आहे, आणि त्याचे अश्रू हेच त्याचे अस्त्र. कळफलकावर एका हाताने चालायचे, दुसऱ्याने अश्रू फेकायचे : 'रोबोट्रॉन'चे दोन दांडेच ते. 'न्यूक्लिअर थ्रोन' (२०१५) आणि 'एंटर द गंजन' (२०१६) हे याच वाटेने आले. विचाराचे घराणे आणि प्रतिक्षिप्त क्रियेचे घराणे यांची सोयरीक आता पक्की झाली होती.

हाउसमार्क संस्थेचे गोत्र मात्र निर्विवाद दुसरे. १९९५ साली स्थापन झालेल्या या संस्थेने 'सुपर स्टारडस्ट एचडी' (२००७), 'रेसोगन' (२०१३) असे आर्केड वळणाचे खेळ वर्षानुवर्षे निष्ठेने केले. २०१७ च्या 'नेक्स मकिना'साठी तर खुद्द यूजीन जार्व्हिस यांचा सल्ला घेतला. समीक्षकांनी वाखाणले, गिऱ्हाईक फिरकले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संस्थेने जाहीर केले की आर्केड संपले आहे, आपण आता निराळे काही करणार. कलेच्या एका प्रकाराला त्यातल्याच निष्ठावंतांनी मूठमाती देण्याचा हा प्रसंग होता. साडेतीन वर्षांनी 'रिटर्नल' आला तेव्हा असे दिसले की पुरलेली वस्तू दुसऱ्या घराण्याच्या जमिनीत रुजली आहे.

अट्रोपोसवर

'रिटर्नल'ची नायिका सेलीन ही अंतराळप्रवासी आहे. 'श्वेत छाया' नावाच्या संकेताचा माग काढताना तिचे यान अट्रोपोस या ग्रहावर कोसळते. ती मरते आणि पुन्हा त्याच कोसळलेल्या यानापाशी जागी होते. ग्रहाची मांडणी दरम्यान बदललेली असते. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवतेचे नाव अट्रोपोस. येथे नेमका तोच धागा कापला जात नाही. वाटेत सेलीनला मृतदेह सापडतात, ते तिचेच. त्यांच्यापाशी ध्वनिमुद्रणे असतात, त्यांतला आवाज तिचाच. पण जे ती सांगते ते तिला आठवत नाही. ज्यांना कथा आधी कळलेली नको त्यांनी पुढची दोन वाक्ये गाळावीत. निम्म्या वाटेवर सेलीनची खरोखर सुटका होते, ती पृथ्वीवर परतते, म्हातारी होते आणि मरते. आणि मग पुन्हा यानापाशी जागी होते.

'रोग'मध्ये मृत्यू कथेच्या बाहेर होता. खेळाडू मेला की कथा संपली, दुसरा डाव ही दुसरी कथा. 'रिटर्नल'ने मृत्यू कथेच्या आत घेतला. पुन्हा सुरू केलेला डाव ही खेळाची सोय न राहता नायिकेची शिक्षा झाली. आपण आठव्यांदा त्याच दारातून आत शिरताना जो कंटाळा, जी चीड आपल्याला येते ती सेलीनचीही आहे. अपराधभावाने पछाडलेले मन एकाच आठवणीभोवती कसे घिरट्या घालते, हे वर्णन करून सांगण्याऐवजी हा खेळ आपल्याकडून करवून घेतो. कादंबरीला पुनरावृत्ती सूचित करावी लागते, कारण वाचकाला तेच पान चाळीस वेळा वाचायला लावता येत नाही. खेळाला ते शक्य आहे, आणि 'रिटर्नल'ने ती शक्यता वापरली आहे.

प्रत्यक्ष खेळण्यातही दोन्ही घराण्यांचे सूर एकमेकांत मिसळले आहेत. शत्रू निळ्या-तांबड्या गोळ्यांच्या माळा सोडतात; त्या भिंतीसारख्या येतात, पण भिंतीला फटी असतात आणि योग्य क्षणी झेप घेतली तर गोळ्यांतून आरपारही जाता येते. अंगाला काही न लागता तीन शत्रू मारले की आवेश एक पायरी चढतो. अशा पाच पायऱ्या, प्रत्येकीचा काही लाभ. एक गोळी लागली की सारा आवेश शून्यावर. हा शुद्ध 'रोबोट्रॉन'. दुसरीकडे परजीवी आहेत. ते अंगावर घ्यावे तर एक लाभ आणि एक हानी दोन्ही जोडीने मिळतात, आणि आजच्या प्रकृतीला कोणती हानी सोसवेल हे आपणच ठरवायचे. विषारी वस्तू उचलली तर पोशाखात बिघाड होण्याचा संभव. न उचलली तर तिच्याविना पुढे जाणे. ही 'रोग'च्या अनोळखी औषधांची पणती.

नियम पक्के आणि मांडणी अनिश्चित, या व्यवस्थेचे मर्म आपल्याकडच्या ख्यालगायनाच्या श्रोत्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. रागाची चौकट ठरलेली असते, आजची मैफल ठरलेली नसते. रियाज होतो तो मैफल पाठ करण्यासाठी नव्हे, तर मैफलीत जे समोर येईल त्याला उत्तर देता यावे म्हणून. 'रिटर्नल'मध्ये दहाव्या फेरीला आपण पहिल्या फेरीपेक्षा दूर जातो ते थोडेफार नव्या साधनांमुळे. मुख्यतः आपली नजर बदललेली असते म्हणून. आरंभी जो निव्वळ आगीचा लोळ दिसला त्यात आता आकृती दिसू लागते. पडद्यावरची सेलीन विसरते, खेळाडूला मात्र आठवते. शिकते कोण, हा प्रश्न हा खेळ असा आपल्यावर उलटवतो.

आक्षेप

आता फिर्यादीची बाजू. आर्केडचे नाणे आज राहिले नाही. 'रिटर्नल'ची पूर्ण किंमत, अमेरिकेत ७० डॉलर, आधीच वसूल झालेली असते. मग खेळाडूला मारत राहण्यात कोणाचा लाभ? आमच्या मते हीच गोष्ट त्याच्या बाजूने जाते. नाण्याची पेटी आज खरोखर परतली आहे ती फुकट मिळणाऱ्या मोबाइल खेळांत, जेथे वाट अडवायची आणि मग पैसे घेऊन अडसर काढायचा असा व्यवहार चालतो. 'रिटर्नल'मध्ये मेल्यावर पैसे टाकून तेथूनच पुढे खेळता येत नाही. त्याच्या कठीणपणाला गिऱ्हाईक नाही, म्हणून त्यामागचा हेतू स्वच्छ आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रसिद्ध झाला तेव्हा या खेळात फेरी अर्धवट थांबवून ठेवण्याची सोयच नव्हती. एक फेरी दोन तासही चालू शकते. यंत्र झोपवून ठेवावे, हाच काय तो मार्ग. तेवढ्यात वीज गेली तर फेरी संपली. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, आजारी माणूस आहे, किंवा वीज बेभरवशाची आहे, त्यांना हा खेळ जणू सांगत होता की तुमच्यासाठी मी नाही. याचे समर्थन 'रोगलाइक परंपरा अशीच आहे' असे केले गेले. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की ते इतिहासाला धरून नाही. १९८० च्या विद्यार्थ्यांनी उठून जाण्याची मुभा दिली होती, परत येताच फाइल पुसून मरणाची अटही राखली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये हाउसमार्कने सुधारित आवृत्ती आणली आणि फेरी स्थगित करण्याची सोय दिली. स्थगित केलेली फेरी पुन्हा सुरू करताच ती नोंद नाहीशी होते. म्हणजे चाळीस वर्षांनी 'रोग'चाच नियम. ती सोय आल्याने खेळ तसूभरही सोपा झाला नाही, आणि अडचण कठीणपणाची नव्हतीच, हे त्यातून सिद्ध झाले.

तिसरा आक्षेप उरतोच. ज्यांच्या हाताला किंवा डोळ्यांना ही गती झेपत नाही त्यांचे काय? २०२० च्या 'हेडीझ' या रोगलाइक खेळात एक ऐच्छिक व्यवस्था आहे : ती घेतली की शत्रूच्या आघातांची तीव्रता २० टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक मृत्यूनंतर आणखी २ टक्क्यांनी. हरणाऱ्याला खेळ असा हळूहळू हात देतो, आणि न मागणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. 'रिटर्नल'ने असे काही का करू नये, याचे पटणारे उत्तर आम्हांला सापडत नाही. ही त्याची उणीव आहे आणि गुणगौरवाच्या भरात ती झाकू नये.

मात्र ज्यांना तो खेळता येईल त्यांनी अवश्य खेळावा, एका बैठकीत एक फेरी, संपवण्याची घाई न करता. वारशातील नाणे या खेळाने टाकून दिले, न्यायबुद्धी राखली. निर्णयाचे वजन राखले आणि उशिरा का होईना, उठून जाण्याची मुभाही परत दिली. जे राखले ते कशासाठी, याचे उत्तर त्याच्या कथेत आहे. प्रत्येक चूक मागे घेता येते अशा पडद्यांसमोर आपले बरेचसे आयुष्य जाते. त्यातल्याच एका पडद्यावर चुकीला तिची पूर्ण किंमत असावी आणि तरीही ती चूक आपल्याला काही शिकवून जावी, ही अपेक्षा 'रिटर्नल' पुरी करतो.